चाल कुणाकडे आहे? : ‘तीन पैशाचा तमाशा’ पुन्हा उभा करण्याविषयी

पावसाळा ओसरू लागला की अंबरनाथ पूर्वेला, तसेच शेजारच्या बदलापूर-उल्हासनगरातही, हौशी नाट्यमंडळींच्या बैठका सुरू होतात. यंदा स्पर्धेला काय करायचे, नवी संहिता मिळते का, नाहीतर जुने कोणते नाटक पुन्हा काढायचे, यावर एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत बोलणे चालते. अशा बैठकांत पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’चे नाव निघालेले मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. नाव निघाले की मंडळी खुलतात. मोठा नटसंच, गाणी, विनोद, चोर, भिकारी आणि पोलीस यांचे साटेलोटे. आजच्या गावाला लागू पडेल असे सगळे त्यात आहे. पुस्तक कुणीतरी आणतेही. मग कुणीतरी विचारते, “पण गाण्यांच्या चाली?” आणि बैठक पुढच्या नाटकाकडे वळते.

हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. चाली मिळाल्या तर नाटक होईल, नाही मिळाल्या तर नाही. पण त्यात मराठी रंगभूमीच्या स्मरणशक्तीचा एक मोठा दोष लपलेला आहे. आपण संहिता जपतो. शास्त्रीय संगीतावर आधारलेली नाट्यपदे गुरु-शिष्यांच्या साखळीने जपतो. पण ज्या नाटकाचे संगीत या साखळीबाहेरून, गिटार-ड्रम्सच्या जगातून आले, ते जपण्याची कोणतीच सोय आपण केली नाही. म्हणून रॉकच्या अंगाने गेलेले मराठीतले हे महत्त्वाचे नाटक पुन्हा उभे करायचे म्हटले, की नेमके काय उभे करायचे हेच हाती लागत नाही. या लेखात त्या अडचणीचा शोध घ्यायचा आहे, आणि त्यातून वाट निघते का तेही पाहायचे आहे.

दोनशे वर्षांची उसनवारी

‘तीन पैशाचा तमाशा’ची वंशावळ ठाऊक असली तरी ती संगीताच्या बाजूने एकदा वाचून पाहायला हवी. जॉन गे याचे ‘द बेगर्स ऑपेरा’ लंडनमध्ये जानेवारी १७२८ मध्ये रंगभूमीवर आले. त्या काळी लंडनच्या उच्चभ्रू समाजात इटालियन ऑपेराचे वेड होते. गे याने त्याची टिंगल करायला चोर, वेश्या आणि तुरुंगाचे अधिकारी पात्रे म्हणून घेतले आणि त्यांच्या तोंडी ६९ गाणी घातली. या गाण्यांच्या चाली बहुतांशी त्याच्या नव्हत्या. रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात, जत्रेत लोक ज्या चाली गुणगुणत होते त्या त्याने उचलल्या आणि त्यांवर नवे शब्द बसवले. प्रेक्षकाला चाल आधीच पाठ होती. शब्द मात्र अनपेक्षित होते, आणि ते पंतप्रधान वॉलपोलपर्यंत पोचत होते. चालीची ओळख आणि शब्दांचा धक्का यांच्या फटीतून उपरोध आत येत होता. सरकारला तो इतका झोंबला की गे याच्या ‘पॉली’ या पुढच्या भागाच्या प्रयोगावर बंदी आली.

बरोबर दोनशे वर्षांनी, ऑगस्ट १९२८ मध्ये, बर्लिनच्या शिफबाउअरडाम नाट्यगृहात बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी याच कथेचे ‘द थ्रीपेनी ऑपेरा’ केले. गे याच्या इंग्रजी नाटकाचे जर्मन भाषांतर एलिझाबेथ हाउप्टमान हिने केले होते आणि त्या आधारावर ब्रेख्तने आपली संहिता उभारली. वाइलने गे याच्या चाली एखाददुसरा अपवाद वगळता बाजूला ठेवल्या. पण त्याने तत्त्व तेच ठेवले. त्याच्या बर्लिनमध्ये जे वाजत होते ते त्याने घेतले: कॅबेरे, टँगो, फॉक्सट्रॉट, जाझच्या वाद्यमेळाचा नाद. वाद्यवृंद अगदी छोटा, सातेक वादकांचा. पण एकेक वादक तीन-तीन, चार-चार वाद्ये हाताळणारा. गाणी शिकलेल्या ऑपेरागायकांसाठी नव्हती, गाता येणाऱ्या नटांसाठी होती. गाणे सुरू झाले की प्रकाश बदले, कथा थांबे आणि नट प्रेक्षकांकडे वळे.

वाइल आणि ब्रेख्त यांच्या गाण्यांत रॉकच्या पिढीला आपले काही दिसावे यात नवल नव्हते. ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक समूहाने १९६७ मधल्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये या जोडीचे एक गाणे घेतले. त्याआधी १९५० च्या दशकात मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपांतराने न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकला होता आणि लुई आर्मस्ट्राँग व बॉबी डॅरिन यांनी त्यातले चाकूबहाद्दराचे गाणे घराघरांत नेले होते. म्हणजे हे नाटक जिथे गेले तिथे त्याने त्या गावातला त्या क्षणीचा नाद अंगावर घेतला. त्याला मूळ चाल अशी नाहीच. चाल दर वेळी जागेवरची असते, हेच त्याचे घराणे.

भारतातही ते असेच फिरले. अजितेश बंद्योपाध्याय यांनी कोलकात्यात ‘नान्दीकार’साठी १९६९ मध्ये ‘तीन पयसार पाला’ केले. फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाने दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ‘तीन टके का स्वाँग’ बसवले. ‘पाला’, ‘स्वाँग’ आणि ‘तमाशा’ या तीन शीर्षकांत तिन्ही प्रांतांनी आपापली लोकपरंपरा शोधली हे उघड आहे. मराठीत मात्र एक जास्तीची गोष्ट घडली. तमाशाच्या शेजारी रॉक येऊन बसला.

१९७८ : दोन मुंबई एका रंगमंचावर

पुलंचे रूपांतर पुण्याच्या थिएटर अकॅडमीने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ मध्ये रंगमंचावर आणले. वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. आणीबाणी उठून जेमतेम वर्ष झाले होते आणि १९७७ च्या निवडणुकीत पुलंनी स्वतः आणीबाणीविरुद्ध जाहीर सभांतून भाषणे केली होती. सत्ता, पोलीस आणि गुन्हेगार यांचे नाते हा विषय त्या प्रेक्षकाला पुस्तकी नव्हता. थिएटर अकॅडमीलाही नव्हता. ही संस्थाच मुळी ‘घाशीराम कोतवाल’च्या वादातून १९७३ मध्ये जन्मलेली, कोतवाल आणि राज्यकर्ते यांच्या सौद्याचे नाटक करून, त्यासाठी जुनी संस्था सोडून बाहेर पडलेल्या मंडळींची.

पुलंनी लंडनच्या टोळीप्रमुखाला मराठी मातीत आणून अंकुश केले. आणि या अंकुशच्या भूमिकेसाठी निवडला गेला नंदू भेंडे. या निवडीत नाटकाच्या संगीताचा अर्धा निर्णय झालेला होता. नंदू म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. घरात मराठी नाटकाचे वातावरण. पण त्याचा गळा घडला तो मुंबईच्या इंग्रजी रॉक समूहांत. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक म्युझिकल बसवले, त्यात नंदूने जूडास गायला होता. जूडासचे गाणे हे त्या नाटकातले अत्यंत कठीण काम. वरच्या पट्टीत ओरडायचे, आवाज फाटू द्यायचा, पण सूर सोडायचा नाही. हा गायक चार वर्षांनी मराठी नाटकात आला तेव्हा त्याने दक्षिण मुंबईच्या इंग्रजी प्रेक्षागृहातला एक नाद मराठी प्रेक्षकासमोर ठेवला. तोवर हा नाद त्या प्रेक्षकाने ऐकला असेल तर रेडिओवर, नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमधून.

त्याच रंगमंचावर माधुरी पुरंदरे यांच्यासारखी वेगळ्या वळणाची गायिका-अभिनेत्री होती. नाट्यसंगीताचे, लोकसंगीताचे, बैठकीच्या गाण्याचे रंगही होते. या नाटकाच्या संगीताचे वैशिष्ट्य ‘रॉक’ एवढ्या एका शब्दात सांगणे म्हणूनच अपुरे ठरते. वैशिष्ट्य सरमिसळीत होते, आणि ती सरमिसळ अर्थपूर्ण होती. नाट्यपद ऐकताना मराठी मध्यमवर्गाला आपली संस्कृती आठवते. लावणी ऐकताना त्याला आपण हळूच पाहतो पण कबूल करत नाही ते जग आठवते. आणि इलेक्ट्रिक गिटार ऐकताना, निदान १९७८ मध्ये, त्याला आपली मुले हातची चालली आहेत अशी भीती आठवते. गुंड अंकुशच्या तोंडी रॉक देणे म्हणजे त्याला परका, आकर्षक आणि धोकादायक करणे. प्रेक्षक त्याच्यावर भाळतोही आणि त्याला घाबरतोही. ब्रेख्तला जो दुरावा हवा होता, भावनेत वाहून न जाता विचार करायला लावणारा, तो इथे नादांच्या घर्षणातून मिळत होता. वेगळे फलक, वेगळा प्रकाश यांची गरज त्यामानाने कमी.

ब्रेख्त मराठीत त्याआधी आलेला होता. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही रूपांतरे झालेली होती आणि लोकशैलीशी ब्रेख्तचे जमते हे सिद्ध झाले होते. पण लोकशैली प्रेक्षकाला लवकरच गोडही वाटू लागते. ढोलकी वाजली की पाय ताल धरतो, आणि धक्का निघून जातो. ‘तमाशा’तल्या रॉकने हा गोडवा कापला. माझ्या मते या प्रयोगाचे मराठी रंगभूमीला दिलेले मुख्य देणे हेच, आणि पुनरुज्जीवनात सर्वात आधी हरवण्याची भीती आहे तेही हेच.

इतर नाटके परत कशी आली?

जुने नाटक परत येते तेव्हा कशाच्या बळावर येते, हे तीन उदाहरणांत पाहता येईल.

पहिले ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात आले, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. खाँसाहेबांचे गाणे म्हणजे वसंतराव, असे समीकरण झाले होते. तेव्हा त्यांच्यामागे हे नाटक करणे अवघडच. तरी २०१० मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा बसवले, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले, महेश काळे सदाशिव झाले, आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपटही आला. हे शक्य झाले कारण गाणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाण्याचा रस्ता तयार होता. बंदिश, राग, ताल यांची एक सामाईक भाषा होती. महेश काळे अभिषेकींचे शिष्य. राहुल आजोबांच्या गायकीवर पोसलेले. दोघांनाही शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

दुसरे पुलंचेच ‘ती फुलराणी’. १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांनी ती अजरामर केली. त्यानंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा वेगवेगळ्या पिढ्यांच्या अभिनेत्रींनी ती केली. इथे नाटकाचे मर्म बोलीत आहे आणि बोली छापील पानावर पुष्कळशी उतरते. मराठी बोलता येणाऱ्या, कान तयार असलेल्या अभिनेत्रीला पुलंचे वाक्यच वाट दाखवते.

तिसरे ‘घाशीराम कोतवाल’. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांवर उभे असलेले हे नाटक संगीताच्या दृष्टीने सोपे नाही. पण त्याचा नाद कीर्तन, लावणी, दशावतारी खेळ अशा परिचित स्रोतांतून आला आहे. शिवाय मूळ संचातली मंडळी वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिली. माणसांची ती झुलती भिंत एका संचाने दुसऱ्या संचाला प्रत्यक्ष शिकवली. त्यामुळे महाविद्यालयीन मुलेही आज ‘घाशीराम’ करू धजतात.

या तिन्ही ठिकाणी वाहक वेगळा आहे: एकात गायकी, दुसऱ्यात भाषा, तिसऱ्यात संचाचे शरीर. ‘तीन पैशाचा तमाशा’च्या रॉक अंगाला यांपैकी एकही वाहक मिळाला नाही. भाषा पुस्तकात राहिली. तमाशाचे आणि नाट्यपदाचे अंग परंपरेत शोधता येईल. पण गिटारची जीवा कोणती, बास कुठे चालतो, ड्रम्स कुठे थांबतात आणि गायक कुठल्या शब्दावर आवाज फाडतो, हे त्या वादकांच्या हातात आणि नंदू भेंड्यांच्या गळ्यात होते. ते ११ एप्रिल २०१४ रोजी गेले. ‘कट्यार’सारखे दीर्घ पुनरागमन ‘तमाशा’च्या वाट्याला आले नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

लिहिलेले संगीत आणि आठवलेले संगीत

यावर असे म्हणता येईल की रॉक हे मुळातच न लिहिलेले संगीत. समूहात बसून, वाजवून, कानाने शिकायचे. ते खरे आहे. पण नाटकातल्या रॉकला एवढ्याने भागत नाही. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आधी १९७० मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून आले आणि १९७१ मध्ये ब्रॉडवेवर पोचले; तोवर त्याची लिखित स्वरलिपी, गायकांच्या पट्ट्या, वाद्यमेळ सगळे ठरलेले होते. त्यामुळेच मुंबईच्या संचाला ते १९७४ मध्ये करता आले. वाइलच्या ‘थ्रीपेनी’ची तर संपूर्ण वाद्यवृंद-स्वरलिपी २००० मध्ये अभ्यासपूर्वक संपादित करून छापली गेली, १९२८ च्या त्या सात वादकांपैकी कोण कुठे कोणते वाद्य उचलत होता, इथपर्यंतचा विचार करून. जगाच्या पाठीवरचा कुठलाही छोटा संच ती मागवू शकतो.

आपल्याकडे नाटक छापताना गाण्याचे शब्द छापतात. फार तर वर रागाचे नाव आणि ताल. जुन्या संगीत नाटकांना ‘चाल : अमुक’ एवढी एक ओळ पुरत असे, कारण ती अमुक चाल वाचकाला माहीत असे. ही पद्धत किर्लोस्करांच्या काळापासूनची, आणि तिच्या काळात ती उत्तम होती. पण १९७० नंतर मराठी नाटकाचे संगीत बदलले. आनंद मोडक यांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तनाला जो तिरकस वळसा दिला तो ‘चाल : कीर्तनी’ एवढ्याने कळणार नाही. अरुण साधूंच्या ‘पडघम’सारख्या संगीतप्रधान राजकीय नाटकाचेही तेच. संगीत बदलले, ते नोंदवण्याची पद्धत मात्र किर्लोस्करी राहिली. या फटीतून एका संपूर्ण कालखंडाचे नाट्यसंगीत निसटते आहे.

ध्वनिफीत सापडली तर प्रश्न सुटेल का? अर्धाच. ध्वनिमुद्रण गाणे कसे झाले ते सांगते. प्रयोगात ते कसे बदलत होते ते सांगत नाही. हशा लांबला तर वाद्यवृंद कुठे घोळवत बसायचा, नट उशिरा आला तर काय वाजवायचे, वेश्येच्या गाण्यानंतर किती शांतता ठेवायची, हे सगळे नोंदवहीत असते, नाहीतर माणसांत. आणि माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

तीन वाटा

समजा एखाद्या गावच्या मंडळीने धाडस केले. त्यांच्यापुढे तीन वाटा दिसतात.

पहिली वाट जसेच्या तसे करण्याची. जुने ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, वृत्तपत्रांतली परीक्षणे गोळा करायची आणि १९७८ चा नाद पुन्हा उभारायचा. अभ्यास म्हणून हे मोलाचे आहे. पण नाटक म्हणून यात एक मोठी अडचण आहे: रॉक म्हातारा झाला. १९७८ मध्ये ज्या गिटारने बापांना घाबरवले त्या गिटारवर आज ते बाप आणि आजोबाच डोळे मिटून डोलतात. ‘हेअर’ हे १९६० च्या दशकातले बंडखोर रॉक म्युझिकल २००९ मध्ये ब्रॉडवेवर परतले आणि त्याला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने लोकांना धक्का दिला, ते आता सन्मानाने, हौसेने आणि महागड्या तिकिटाने पाहिले जात होते. पुरस्कार रास्तच असेल. पण धक्क्याची जागा आठवणीच्या सुखाने घेतली जाते हा धोका इथे स्पष्ट दिसतो. अंकुश गोड वाटू लागला तर नाटक संपले.

दुसरी वाट सगळे नवे करण्याची. रॉकच्या जागी रॅप घालायचा, जॅकेटच्या जागी हूडी. हल्ली हे सहज सुचते, आणि त्यात तर्कही आहे. नाटकाचे घराणेच जागेवरचा नाद उचलण्याचे. पण यात बऱ्याचदा रॅप हा वेशभूषेचा भाग होऊन बसतो. सर्व पात्रे रॅप करतात, म्हणजे नादांचे घर्षण पुन्हा नाहीसे होते. शिवाय पुलंच्या शब्दांची लय एका विशिष्ट चालीच्या अंदाजाने घडलेली आहे. तीवर कोणताही ठेका लादला की शब्द कुरकुरतात. कायद्याचा मुद्दाही आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचे हक्क टिकतात. पुलं २००० मध्ये गेले, म्हणजे संहितेत फेरफार करायचा तर हक्कदारांची परवानगी हवीच, आणि नुसता प्रयोग करायलाही हवी. चालींचे हक्क वेगळे. गावातला प्रयोग आहे, कोण विचारतो, ही वृत्ती सोडायला हवी. आपल्या संगीतकारांचे काम नोंदले जावे असे म्हणणाऱ्याने त्यांचा हक्क आधी मानावा.

तिसरी वाट मला योग्य वाटते ती अशी: नाद बदलायचा, पण नादाचे काम बदलायचे नाही. १९७८ च्या प्रयोगात कोणता संगीतप्रकार कोणत्या वर्गाचा, कोणत्या भीतीचा, कोणत्या प्रतिष्ठेचा प्रतिनिधी होता याचा तक्ता मांडायचा, आणि मग विचारायचे की आज, या गावात, ते काम कोण करते?

अंबरनाथ-उल्हासनगरच्या पट्ट्यात याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. प्रतिष्ठेचे संगीत इथे आहे: शिलाहारकालीन शिवमंदिर या गावाची ओळख, आणि त्या मंदिराच्या निमित्ताने होणाऱ्या कला महोत्सवात नामवंत गायक येतात, लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात. भक्तीचे आहे: आगरी-कोळी गावांतली भजनी मंडळे, आणि पलीकडे उल्हासनगरात फाळणीनंतर छावणीत वसलेल्या सिंधी समाजाची भगत ही गात-नाचत कथा सांगण्याची परंपरा, संत कंवरराम यांच्यामुळे ती प्रत्येक सिंधी घराला ठाऊक आहे. स्वाभिमानाचे आहे: भीमगीतांचे जलसे आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुका. पोटापाण्याचे आहे: लग्नाची बँड पथके, गणपतीतला बेंजो, ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी गाण्यांवर घर चालवणारे वादक. आणि भीतीचे आहे: मिरवणुकीतला डीजे, ज्याच्या भिंतीने सोसायटीच्या काचा थरथरतात आणि ज्याबद्दल गच्चीत तक्रार होते पण पोलीस चौकीत होत नाही, कारण भिंत कुणाची हे सगळ्यांना माहीत असते.

१९७८ मध्ये इलेक्ट्रिक गिटारने जे केले ते काम आज बहुधा ही ध्वनिभिंत करते. अंकुशच्या एन्ट्रीला तिचा बास छातीत वाजला तर प्रेक्षकाला गुंडाचे आकर्षण आणि दहशत दोन्ही एकाच क्षणी कळतील. भिकाऱ्यांचा व्यवसाय चालवणाऱ्या पात्राच्या तोंडी बँडवाल्याची सनई येऊ शकते. शेवटी गुंडाला माफी जाहीर होते, जिथे ब्रेख्तने ऑपेराच्या खोट्या सुखान्ताची थट्टा केली आहे, तिथे महोत्सवी शास्त्रीय गाणे अगदी शोभेल. मात्र या नादांना विनोदी नमुने म्हणून वापरले तर अपमान होईल. भीमगीताचा उपरोध करायचा नसतो. त्याचा स्वर हा त्या नाटकातल्या इतर सगळ्या खोट्या स्वरांपुढचा खरा स्वर असू शकतो. कोणता नाद थट्टेसाठी आणि कोणता नाही, हे ठरवणे हेच दिग्दर्शकाचे समीक्षक म्हणून काम आहे.

ट्रॅकचा मोह

या सगळ्यात एक व्यावहारिक गोष्ट निर्णायक ठरते. संगीत रंगमंचावर प्रत्यक्ष वाजणार की आधी मुद्रित करून ‘ट्रॅक’वर सोडणार? आज हौशीच काय, व्यावसायिक नाटकातही ट्रॅक सर्रास वापरतात. कारणे खरी आहेत. आमच्या मंडळींना वर्षानुवर्षे चांगला प्रयोग करायचा वा पाहायचा तर कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर गाठायची सवय. नाट्यगृह काही तासांसाठी मिळते. त्यात नेपथ्य लावायचे, ड्रम्स मांडायचे, प्रत्येक वाद्याला माइक द्यायचा, आवाज जुळवायचा, आणि पाच-सहा वादकांची नाइट द्यायची. पेनड्राइव्ह खिशात मावतो.

पण या नाटकापुरते तरी ट्रॅकला नकार द्यावा लागेल. ट्रॅकवर नट गाण्याच्या मागे धावतो. त्याला प्रेक्षकाकडे वळून एक शब्द लांबवता येत नाही, हशा पिकला तर थांबता येत नाही, कुणी मध्येच शेरा मारला तर त्याला उत्तर देऊन पुन्हा समेवर येता येत नाही. तमाशातल्या सोंगाड्याचे आणि रॉक गायकाचे सामर्थ्य एकाच गोष्टीत असते: समोरच्या माणसाशी त्या क्षणी सौदा करण्यात. वाइलने सात माणसांत भागवले. गावातल्या मंडळीने चारांत भागवावे, एक कीबोर्ड, एक बेंजो, एक ढोलकीवाला आणि एक ड्रमर. पण ती माणसे रंगमंचावर, प्रेक्षकांना दिसतील अशी बसवावीत. रॉक म्युझिकलमधल्या ‘रॉक’चा जो भाग आजही म्हातारा झालेला नाही तो हाच: आवाज तुमच्यासमोर, माणसांच्या हातून तयार होतो आणि बिघडूही शकतो.

आधी करायचे काम

या वाटेने जायचे तर कामाचा क्रम उलटा करावा लागेल. आपल्या मंडळ्या आधी भूमिका वाटतात, मग संगीतकार शोधतात, आणि शेवटच्या आठवड्यात वादक येतात. इथे पहिले दोन महिने नटांविना गेले तरी चालतील. परवानगीचे पत्र लिहावे. १९७८ च्या आणि नंतरच्या प्रयोगांत असलेल्या कलावंतांना, वादकांना, प्रकाश-ध्वनी सांभाळणाऱ्यांना भेटावे. आठवते ते गाऊन, वाजवून दाखवायला सांगावे आणि मोबाइलवर का होईना मुद्रित करावे. मग ते कुणाकडून तरी स्वरलिपीत आणि गिटारच्या कॉर्डमध्ये दोन्ही प्रकारे लिहून घ्यावे. आपल्या पट्ट्यात चर्चमध्ये, बँडमध्ये, संगीत वर्गांत अशी लिपी जाणणारी मुले आहेत. त्यांना नाटकवाल्यांनी आजवर विचारले नाही एवढेच. आपण शेवटी वेगळ्या चाली केल्या तरी हे काम वाया जात नाही. काय बदलले हे सांगायला काय होते ते माहीत असावे लागते.

आणि आपला प्रयोग झाल्यावर आपल्याही चाली लिहून ठेवाव्यात, वादकांच्या नावांसह. हे काम खरे तर विद्यापीठांच्या नाट्यविभागांचे, अकादम्यांचे. त्यांनी ते केले तर उत्तमच. पण त्यांची वाट पाहात बसले तर आठवणारी माणसे राहणार नाहीत. संगीत रंगभूमीचा अभिमान आपण फार मिरवतो. त्या अभिमानात १८८० चे ‘शाकुंतल’ येते, १९६७ ची ‘कट्यार’ येते. नंदू भेंड्यांचा अंकुश येत नाही, कारण तो कुठल्या घराण्यात बसत नाही. एखाद्या हौशी मंडळाने त्याला आपल्या नोंदवहीत जागा दिली, तर पुढच्या पावसाळ्यातल्या बैठकीत पुस्तकाबरोबर ती वहीही टेबलावर येईल, आणि चालींचा प्रश्न निघाल्यावर दुसरे नाटक शोधावे लागणार नाही.